गंज रुळाच्या पोटाला, चकाकी माथ्याला

डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"निवृत्तीनंतर नातवासोबत एचओ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा, मॉडेल रेल्वेचा लेआउट करायला घेतला. आठ बाय चारचं प्लायवूड, कोकण रेल्वेवर शोभेल असं छोटं स्टेशन, दोन लूप, चार सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागा), डीसीसी कंट्रोल, म्हणजे रुळांतूनच इंजिनांना डिजिटल हुकूम देणारं. गाड्या छान पळत होत्या. पण नवे कोरे रूळ फारच चकचकीत, खेळण्यातले वाटायचे. म्हणून तपकिरी स्प्रेचा कॅन आणला आणि खडी टाकण्याआधी सगळ्या ट्रॅकवर मारला. माथा लगेच फडक्यानं पुसलाही. दुसऱ्या दिवसापासून इंजिन सांध्यांवर अडखळतंय. मागच्या बाजूचा तीनेक फुटांचा तुकडा तर पूर्ण मेलाय. सँडपेपरनं घासलं, दोन दिवस बरं चाललं, आता पहिल्यापेक्षा वाईट. ओळखीचे म्हणतात, मॉडेलचे रूळ रंगवायचेच नसतात. नातू रोज विचारतो, 'आजोबा, गाडी कधी सुरू होणार?' सगळा ट्रॅक उखडून नवा टाकू का?"

काका, नमस्कार.

उखडू नका. आणि तो सँडपेपर आधी बाजूला ठेवा. तुमचा ट्रॅक फुकट गेलेला नाही. रंगानं रूळ बिघडत नाही, रंग नको त्या तीन-चार जागी जाऊन बसलाय एवढंच. त्या जागा हाताला सापडण्यासारख्या आहेत. एक-दोन रविवार जातील, पण हे नक्की निस्तरता येईल.

तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. रूळ रंगवायलाच हवेत, आणि त्याला नुसत्या हौसेपलीकडचं कारण आहे. तुमचा ट्रॅक बहुधा कोड १०० चा असेल. म्हणजे रुळाची उंची इंचाचा दहावा भाग, २.५४ मिलिमीटर. त्याला ८७ नं गुणा, २२१ मिलिमीटर येतात. आपल्या मेन लाइनवरचा ६० किलोचा रूळ, ज्याचं वजन मीटरला ६० किलो असतं, तो १७२ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे मॉडेलचा रूळ स्केलच्या हिशेबात जवळजवळ दोन इंच जास्त उंच आहे. बाजू चमकत असली की ही जादा उंची डोळ्यांवर येते. बाजू गडद केली की रूळ लगेच बारीक दिसायला लागतो. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, त्याला एचओमध्ये १९ मिलिमीटरच्या थोडा वर गेज हवा होता. आपण वापरतो साडेसोळाचा. ती कसर भरून निघत नाही, पण गडद रुळांमध्ये ती कमी जाणवते.

आता एक काम करा. ठाकुर्ली किंवा दिव्याच्या फलाटाच्या टोकाला उभं राहून रुळांकडे नीट पाहा. रुळाचं पोट, म्हणजे बाजूचा खोलगट भाग, गडद तपकिरी, जवळजवळ शेणाच्या रंगाचा असतो. माथा मात्र आरशासारखा. आणि तो आरसाही माथ्याच्या पूर्ण रुंदीला नसतो. चाक जिथून जातं तेवढाच पट्टा चमकतो, आतल्या कडेकडे सरकलेला. आपल्याला मॉडेलमध्ये वीज कुठून घ्यायची असते? नेमकी त्याच पट्ट्यातून. म्हणजे खरा रूळ जसा दिसतो तसाच मॉडेलचा केला, तर वीजही चालते आणि देखावाही साधतो. दोन्हींत भांडण नाहीच. भांडण सुरू होतं ते रंग त्या पट्ट्यावर किंवा सांध्याच्या पोटात शिरला की.

खऱ्या रेल्वेलाही ही अडचण चुकलेली नाही. ट्रॅक सर्किट असलेल्या मार्गावर दोन्ही रुळांमध्ये कमी दाबाची वीज सोडलेली असते. गाडीची चाकं आणि आस ते दोन रूळ जोडतात, त्यावरून सिग्नलला कळतं की मार्गावर गाडी आहे. क्वचित वापरल्या जाणाऱ्या मार्गावर माथ्याला गंजाचा थर चढला, की चाकाचा रुळाशी धड स्पर्श होत नाही आणि गाडी आहे हे कळायलाच अडचण होते. एवढ्या टनावारी वजनाखाली जर हे होतं, तर तुमच्या पाव-अर्धा किलोच्या इंजिनाचं काय घेऊन बसलात?

आता तुमचा रंग कुठे गेलाय ते सांगतो.

मागचा मेलेला तुकडा आधी घेऊ. दोन रूळ जोडणारा तो छोटासा पत्र्याचा जॉइनर असतो ना, त्यात आणि रुळात केसाएवढी फट असते. पातळ रंग अशा फटीत आपोआप ओढला जातो, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसा. आत वाळला की पत्रा आणि रूळ यांच्यामध्ये रंगाचा पापुद्रा. बाहेरून सगळं जोडलेलं दिसतं, आत वीज तुटलेली. तुम्ही माथा कितीही घासलात तरी तिथे काही फरक पडणार नाही, कारण बिघाड माथ्यावर नाहीच.

खरं तर जॉइनरनं रूळ सरळ रेषेत धरावेत, विजेचा भार त्याच्यावर टाकूच नये. रूळ ही तुमच्या लेआउटची तार आहे, आणि तार म्हणून तो तसा कमकुवतच. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. तांब्याच्या तुलनेत तो फार थोडी वीज वाहतो, जेमतेम सहा-सात टक्के. म्हणून प्लायच्या खालून तांब्याची जाड मुख्य तार, म्हणजे बस वायर, फिरवायची आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यातून स्वतंत्र फीडर, म्हणजे छोटी जोडवायर, द्यायचा. तुमच्या आकाराला दीड स्क्वेअर एमएमची बस पुरते. फीडरला अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर, लांबी वीतभर, त्याहून जास्त नको.

हे मी महागात शिकलोय. माझ्या दुसऱ्या लेआउटवर मी आधी रंगवलं, खडी चिकटवली, वर प्लास्टरचा घाट उभा केला, आणि मग बोगद्यातला एक जॉइनर मेला. फीडर नव्हता. तीन महिन्यांच्या कामाचा डोंगर करवतीनं कापावा लागला. त्या दिवसापासून माझ्या घरी क्रम ठरलेला आहे: आधी सोल्डर, मग चाचणी, मग रंग, मग खडी. तुमची खडी अजून पडायची आहे हे तुमचं मोठं नशीब आहे.

तर मल्टिमीटर घ्या. कंट्रोलची पॉवर बंद, इंजिनं आणि दिवे लागणारे डबे ट्रॅकवरून उचललेले. मीटर बीपवर ठेवा. एक टोक बस वायरला, दुसरं त्याच बाजूच्या रुळाच्या माथ्यावर. एकेक तुकडा करत पूर्ण फेरी मारा. जिथे बीप येत नाही तिथे खडूनं खूण करा. जॉइनर उपसायच्या भानगडीत पडू नका, स्लीपरच्या खुंट्या तुटतील. त्या तुकड्याला नवा फीडर द्या. रुळाच्या बाहेरच्या बाजूला, दोन स्लीपरच्या मध्ये, नखाएवढी जागा ब्लेडनं खरवडून धातू उघडा करा. रोझिन फ्लक्सचं ६०/४० सोल्डर घ्या. नळकामवाले वापरतात तो ॲसिड फ्लक्स अजिबात नको, तो नंतर महिनोन् महिने सोल्डरचा जोड खात राहतो. दोन्ही बाजूंच्या स्लीपरशेजारी रुळावर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, म्हणजे उष्णता तिथेच अडेल आणि प्लास्टिक वितळणार नाही. रुळाला आणि वायरला आधी वेगवेगळं सोल्डर लावून घ्या, मग दोन्ही टेकवून दोन सेकंद गरम करा. सोल्डर चमकदार दिसलं पाहिजे. राखाडी, दाणेदार दिसलं तर पुन्हा करा.

सांध्यांचं काम जास्त नाजूक, आणि तिथे घाई करू नका. सांध्याची पाती सरकते आणि शेजारच्या मुख्य रुळाला टेकते. बऱ्याच सांध्यांमध्ये पुढच्या भागाला वीज या टेकण्यातूनच मिळते. तुमच्या स्प्रेनं पातीची पाठ आणि मुख्य रुळाचा तिला टेकणारा भाग, दोन्ही रंगले. तुम्ही पुसलात वरचा माथा, पण हे दोन पृष्ठभाग उभे आहेत, फडकं तिथे पोचतच नाही. टॉर्च आडवी धरून पाहा, पातीच्या मागे तपकिरी रंग दिसेल.

लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची बोटभर पट्टी कापा, टोक मिनरल टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवा, पाती आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये घाला, पाती बोटानं हलकेच दाबा आणि पट्टी ओढून काढा. पट्टीवर रंगाची रेघ उमटेल. नवी पट्टी, पुन्हा तेच. रेघ उमटणं बंद होईपर्यंत. वाळलेला स्प्रे एवढ्यानं हलला नाही, तर दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरची बारीक पट्टी पुठ्ठ्याला चिकटवून चार-पाच हलके हात मारा. सँडपेपर बाजूला ठेवा म्हटलं आणि इथे मीच सुचवतोय, कारण हा कागद फार बारीक असतो, आणि पातीच्या पाठीवरून चाकही फिरत नाही. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर मात्र कितीही मोह झाला तरी नको, प्लास्टिकला ते खातं. पाती जिथे फिरते ती बिजागरी आणि खालची आडवी पट्टी तपासा. तिथे रंग साचला असेल तर पाती पूर्ण टेकणारच नाही.

आणि जमल्यास कायमचा उपाय करा. फ्रॉग, म्हणजे दोन मार्ग जिथे एकमेकांना छेदतात तो व्हीच्या आकाराचा भाग, तुमच्या सांध्यात धातूचा आणि वीज घेणारा असेल, तर त्याला पॉइंट मोटरवरच्या (पाती सरकवणाऱ्या मोटरवरच्या) स्विचमधून स्वतंत्र वीज द्या. हातानं बदलत असाल तर साधा मायक्रो स्विच पुरतो. मग पाती कशी टेकते यावर गाडी अवलंबून राहत नाही. रंग लावायचा असो वा नसो, मी प्रत्येक सांध्याला हे करतोच.

आता माथ्याचं. सँडपेपरनं दोन दिवस बरं वाटलं ते रंग निघाला म्हणून, आणि मग बिघडलं ते ओरखड्यांमुळे. भिंगातून पाहा, माथ्यावर नांगरलेल्या शेतासारख्या सऱ्या दिसतील. चाक आणि रूळ यांच्यात सतत बारीक ठिणग्या उडतात. त्यांची काजळी, धूळ आणि तेल मिळून जो काळा लेप तयार होतो, तो या सऱ्यांमध्ये जाऊन बसतो. गुळगुळीत माथ्यावर त्याला थारा मिळत नाही. म्हणून आधी दोन हजारच्या पेपरनं रुळाच्या लांबीच्या दिशेनं, कधीही आडवं नाही, हलकं फिरवा. मग हार्डवेअरच्या दुकानातला स्टेनलेस स्टीलचा जाड वॉशर घ्या आणि त्याची सपाट बाजू माथ्यावर दाबून पुढेमागे घासा. धातू झिजवायचा नाही, दाबून सपाट करायचा. दहा-बारा फेऱ्यांनंतर रुळात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सलग दिसायला लागेल. तेव्हा थांबा. स्टील वूल मात्र लेआउटच्या आसपासही आणू नका. त्याचा एक केस मोटरच्या चुंबकानं ओढला, की इंजिन गेलं.

पुसायला मी स्पिरिटऐवजी मिनरल टर्पेंटाइन वापरतो. अल्कोहोल रंगवलेल्या बाजूही सोलतं, आणि माझ्या अनुभवात त्यानं पुसलेला रूळ लवकर काळा पडतो. फडक्याला ओल येईल एवढंच घ्यायचं, खिडकी उघडी, पॉवर बंद, आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. शेवटी ४बी पेन्सिलीची एक फिकट रेघ माथ्याच्या आतल्या कडेवर ओढली तर चालते. पण चढावर नको, चाकं घसरतात.

आतली कड हा शब्द मी मुद्दाम पुन्हा आणतोय. माथा पुसताना जवळजवळ सगळे फक्त वरून पुसतात. पण चाकाची कड आणि तिच्यालगतची गोलाई रुळाच्या आतल्या कोपऱ्याला घासत जाते. तिथे राहिलेला रंग चाकं उचलतात आणि सगळ्या लेआउटभर नेऊन वाटतात. चार दिवसांनी पुन्हा बिघडलं अशा ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या कितीतरी या कडेमुळे असतात. तुमच्या इंजिनांची चाकंही आत्ता तपासा, तपकिरी कडी दिसली तर तीही पुसायला हवीत. फडकं टर्पेंटाइननं ओलं करून रुळांवर आडवं टाका, एक बोगी फडक्यावर आणि एक रुळावर ठेवून इंजिन हातानं धरा आणि हळू फिरू द्या. मग उलटं. डब्यांना प्लास्टिकची चाकं असतील तर सवडीनं धातूची बसवा. प्लास्टिकची चाकं मळ उचलतात आणि पसरवतात.

एवढं झाल्यावर पॉवर चालू करा आणि पाच रुपयांचं पितळी नाणं घ्या. ते दोन रुळांवर आडवं टेकवा. बूस्टरनं, म्हणजे रुळांना वीज देणाऱ्या डीसीसीच्या खोक्यानं, क्षणात ट्रिप होऊन वीज तोडायला हवी. लगेच नाणं उचला. फूट-फूट अंतरावर सगळीकडे हे करा. कुठे नाणं टेकूनही ट्रिप होत नसेल, तर तिथवर वीज पुरेशी पोचत नाही. गाडी चालली तरी तो तुकडा मी पास करणार नाही. शॉर्ट झालं तर तिथे वायर तापेल.

मग रंग. हो, पुन्हा रंगवायचं आहे, स्प्रेनं अर्धवट झालंय ते. पण या वेळी ब्रशनं. कंटाळवाणं वाटेल, पण रंग कुठे जातोय हे ब्रशच्या टोकाशी दिसत राहतं. स्प्रे सगळीकडे जातो. दोन नंबरचा चपटा ब्रश, ॲक्रिलिक रंग: बर्न्ट अंबर जास्त, त्यात थोडा काळा-राखाडी, आणि बर्न्ट सिएना अगदी चिमटीभर. नारिंगी गंज हा ताजा गंज, तो जागोजागी शिंतोड्यासारखाच शोभतो. सगळा रूळ नारिंगी केला की पुन्हा खेळणंच. रंग दह्याच्या ताकासारखा पातळ नको, घोटलेल्या दह्यासारखा हवा, म्हणजे तो फटीत ओढला जात नाही. जॉइनरच्या अलीकडेपलीकडे अर्धा सेंटिमीटर सोडा आणि तिथे जवळजवळ कोरड्या ब्रशनं नुसता स्पर्श करा. सांध्याच्या पात्या, त्यांच्या पाठी आणि बिजागरी पूर्ण कोरी ठेवा. मुख्य रुळाची फक्त बाहेरची बाजू रंगवा, माणूस बहुतेक तीच पाहतो. पात्यांवर रंग नाही हे आजवर माझ्याकडच्या एकाही पाहुण्याच्या लक्षात आलेलं नाही.

एका वेळी फूटभरच रंगवायचं. आइस्क्रीमच्या काडीला जुन्या सुती धोतराचा तुकडा गुंडाळून ठेवा. रंगवून झालं की मिनिटाच्या आत काडी माथ्यावर सपाट धरून एक हात, मग आत थोडी कलती करून कडेवरून दुसरा हात. कापडाची बाजू बदला. धातूची रेघ सरळ उजळली पाहिजे, सुईनं ओढल्यासारखी. नातवाला ही काडी द्या, हे काम त्याच्या हाताला छान जमेल.

कोकण रेल्वे करताय तर स्लीपर तपकिरी ठेवू नका. तिथे काँक्रीटचे स्लीपर आहेत. मळकट राखाडी करा, आणि त्यावर कोरड्या ब्रशनं जांभ्याची लालसर धूळ. स्टेशनात गाड्या थांबतात त्या भागात ब्रेकच्या धुळीनं सगळं जास्त तपकिरी होतं, इंजिन उभं राहतं तिथे रुळांच्या मध्ये काळपट तेलाचा डाग. तो डाग गडद रंगानं करा, खऱ्या तेलानं नको.

खडीबद्दल मोजकंच सांगतो, पण टाळू नका. आपल्याकडचा काळा दगड कुटून, चाळून खडी करायचा मोह होतो, रंग अगदी खरा येतो. पण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. चुरा कागदावर पसरून खालून ताकदीचं चुंबक फिरवा, दाणे हलताना दिसतील. असे दाणे मोटरमध्ये जातात. चुंबकानं नीट वेचून घ्या, नाहीतर विकतची खडी घ्या. लोखंडाचा खरा गंज खरवडून लावणाऱ्यांनीही हीच परीक्षा करावी. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ पावसाळ्यात ओल धरतं. पातळ केलेला फेविकॉल ओला असताना वीज वाहतो, म्हणून ओतल्यावर पूर्ण एक दिवस कंट्रोल चालू करायचा नाही. सांध्यांच्या पात्यांखाली खडी आणि गोंद दोन्ही नको.

कुणी सांगेल, डिकोडरला, म्हणजे इंजिनातल्या डीसीसी सर्किटला, कीप-अलाइव्ह कपॅसिटर (क्षणभराची वीज साठवणारा) लावा, इंजिन अडखळणार नाही. चांगली गोष्ट आहे, पण आत्ता लावू नका. तो बिघाड झाकेल आणि तुम्हाला कुठे घासायचं ते कळणार नाही.

सगळं झाल्यावर सर्वांत लहान इंजिन घ्या, डबे नकोत, आणि वेगाच्या पहिल्या पायरीवर चारही सांध्यांवरून दोन्ही दिशांनी न्या. स्लीपरामागून स्लीपर सरकेल इतकं हळू. जिथे अडेल तिथे हात न लावता खाली वाकून पाहा, कोणतं चाक नेमकं कशावर आहे. ते लिहून ठेवा आणि मला कळवा, सोबत त्या सांध्याचा वरून काढलेला फोटो जोडा. नातवाला सांगा, गाडी खडी पडायच्या आधीच सुरू होईल.